सतरा अंशांची रेषा : मिरजोळे परिसरातील स्थाननिश्चिती आणि भूगोलाचे अध्यापन

उत्तर अक्षांश १७° ही रेषा रत्नागिरी शहराच्या किंचित उत्तरेकडून जाते. शहराचा मुख्य भाग तिच्या दक्षिणेस आणि विमानतळ तिच्या उत्तरेस पडतो. दोहोंच्या मधला, जांभ्या दगडाच्या सड्याचा प्रदेश मिरजोळे गावाचा आणि तेथील औद्योगिक वसाहतीचा होय. मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी उपकेंद्रही याच वसाहतीत आहे. अर्थात ही रेषा जमिनीवर कोठे दिसत नाही. परंतु भूगोलाचा विद्यार्थी ज्या रेषेचे नाव पाठ करतो ती रेषा त्याच्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, हा योग सर्वांच्या वाट्याला येत नाही.

अलीकडे भूगोलाच्या अध्यापनात संगणकीय नकाशे आणि ‘जिओकॅशिंग’ हा उपग्रहाधारित शोधखेळ यांची शिफारस वारंवार केली जाते. तिची चर्चा बहुधा साधनांच्या अंगाने होते : कोणते यंत्र घ्यावे, कोणता नकाशा वापरावा, इत्यादी. वस्तुतः एखादे ठिकाण नेमके कोठे आहे हे सांगण्याच्या पद्धतींना या किनाऱ्यावर दीर्घ इतिहास आहे. त्यातील प्रत्येक पद्धतीने विद्यार्थ्याच्या हाती काही दिले आणि त्याच्याकडून काही काढूनही घेतले. हा हिशेब मांडल्यावाचून नव्या साधनाची योग्यता ठरविणे कठीण आहे.

सर्वांत जुनी पद्धत छायेची. ज्योतिषग्रंथांत ‘पलभा’ नावाची एक राशी येते. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची जी छाया पडते ती पलभा. स्थळ जितके उत्तरेस, तितकी ही छाया लांब. सतरा अंशांवर ती ३ अंगुळे ४० व्यंगुळे भरते. पुण्यास ४ अंगुळांहून किंचित अधिक. पंचांगकर्त्याला लग्नसाधनासाठी या आकड्याची गरज असे, आणि म्हणून गावाचा अक्षांश हा या परंपरेत कोणत्याही नकाशावाचून, काठी आणि ऊन यांवरून मिळणारा गुण होता. पूर्व-पश्चिम स्थानासाठी ‘देशांतर’ हा संस्कार. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी मध्यरेखा मानून तिच्यापासून स्थळ किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे ते वेळेच्या मापाने सांगत. रत्नागिरीचे देशांतर या हिशेबाने पश्चिमेस सुमारे २५ पळे, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे दहा मिनिटे येते.

येथे शब्दांच्या इतिहासाकडे थोडे लक्ष देणे उचित होईल. हिंदीने आधुनिक भूगोलात ‘देशांतर’ हाच शब्द चालू ठेवला. मराठीने ‘रेखांश’ पत्करला. ‘रेखांश’ या शब्दातली रेखा मुळात उज्जयिनीची. १८८४ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेनंतर मूळ रेखावृत्त म्हणून ग्रीनिचला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, परंतु मराठी विद्यार्थी आजही ग्रीनिचपासूनचे अंतर उज्जयिनीच्या रेखेचे नाव घेऊनच मोजतो. मराठीत भूगोलाची पाठ्यपुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिली जाऊ लागली, आणि त्या आरंभीच्या लेखकांत १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर होते. त्यांचे पोंभुर्ले हे गाव त्या काळच्या व्यवस्थेत याच किनाऱ्यावरचे, आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. जुन्या ज्योतिषातील शब्द नव्या शालेय विषयाच्या सेवेस लावण्याचे काम त्या पिढीने केले. मात्र शब्द आले आणि त्यांच्यामागची कृती मागे राहिली. अक्षांश हा छाया मोजून मिळवायचा आकडा न राहता पुस्तकात वाचायचा आकडा झाला.

ती कृती आजही अवघड नाही. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, एक मीटर उंचीची काठी सपाट कातळावर ओळंब्यात उभी केली तर सतरा अंशांवर तिची लघुतम छाया सुमारे ३०.६ सेंटिमीटर भरते. ही लघुतम छाया घड्याळातील बाराच्या ठोक्याला मिळत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ रेखांशाची. रत्नागिरी तिच्यापासून नऊ अंशांहून अधिक पश्चिमेस, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांनी होते. त्यातच सूर्याच्या दृश्य गतीमुळे मार्चमध्ये ती आणखी सात-आठ मिनिटे उशिरा आणि सप्टेंबरअखेर तितकीच लवकर येते. छाया मोजण्यात एक सेंटिमीटरची चूक झाली तर अक्षांशात अर्ध्या अंशाची, म्हणजे जमिनीवर पन्नासहून अधिक किलोमीटरची चूक होते. मोबाईलवरील यंत्र तेच काम काही मीटरांच्या चुकीने करते. परंतु काठीने अक्षांश काढलेल्या विद्यार्थ्याला ‘चूक’ या शब्दाचा अर्थ कळलेला असतो, आणि यंत्राने दिलेल्या आकड्याभोवतीही असेच एक अनिश्चिततेचे वर्तुळ असते हे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी पद्धत मोजणीची. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून जो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उपक्रम सुरू केला, त्याच्या पायावर पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे उभे राहिले. या नकाशांची अनुक्रमपद्धती मोठी नेटकी आहे. चार अंशांच्या चौकोनास एक क्रमांक, त्यातील एका अंशाच्या चौकोनास एक अक्षर, आणि त्यातील पंधरा मिनिटांच्या चौकोनास पुन्हा एक क्रमांक. १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व हा चौकोन ४७ वा. त्यातील ‘जी’ चौकोन सतरा अंशांवर संपतो आणि तेथेच ‘एच’ सुरू होतो. म्हणून रत्नागिरी शहर ४७ एच/५ या पत्रकावर, तर विमानतळ व मिऱ्या डोंगर यांच्यासाठी पत्रक बदलावे लागते. विमानतळ ४७ जी/८ वर पडतो आणि मिऱ्याचाही समावेश त्याच पत्रकात होतो. मिरजोळ्याच्या सड्यावरून तासभर भटकणाऱ्यास दोन पत्रके जोडून पाहावी लागतात. भूप्रदेश अखंड आणि कागद खंडित, ही अडचण ज्यांनी अनुभवली त्यांना पत्रकांची सीमा हा विषय वेगळा शिकवावा लागला नसता.

परंतु ती अनुभवण्याची संधीच बहुतेकांस मिळाली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षणाच्या कारणास्तव देशाच्या भूसीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे ‘निर्बंधित’ ठरविले गेले. सह्याद्री आणि समुद्र यांमधील कोकणाची रुंदी पाहता जवळजवळ सारे कोकण त्यात आले. ही पत्रके शिक्षणसंस्थांस मिळत नसत असे नाही. परंतु त्यासाठी अर्ज, प्रमाणपत्र, सुरक्षित ताबा आणि हिशेब यांची बंधने असत. जे पत्रक कपाटात कुलूपबंद ठेवायचे, ते विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याला सड्यावर पाठविता येत नाही. समोच्चतारेषा ओळखण्याचा सराव देशावरच्या एखाद्या तालुक्याच्या पत्रकावर होऊ शकत होता, परंतु स्वतःच्या गावचा पऱ्या किंवा खाडी नकाशावर पाहण्याची सोय किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला सहजासहजी नव्हती. संरक्षणाची गरज नाकारण्याचे कारण नाही. तथापि तिची किंमत कोणी दिली याचा विचार भूगोलाच्या अध्यापनाच्या इतिहासात क्वचितच होतो. ज्या विषयाचा पहिला धडा परिसरापासून सुरू होतो, त्या विषयाच्या अभ्यासकांची एक-दोन पिढ्यांची पिढी आपल्या परिसराच्या नकाशापासून दूर ठेवली गेली.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या : एक संरक्षणासाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. त्याच वर्षी गूगलचे नकाशे आणि पृथ्वीदर्शन हेही प्रथम उपलब्ध झाले. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकसहभागाचा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला होता. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये आले. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी बहुतांशी काढून टाकली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. इतर प्रदेशांत संगणकीय नकाशा हा कागदी नकाशाचा उत्तराधिकारी म्हणून आला. कोकणात तो अनेकांच्या हाती पडलेला आपल्या गावचा पहिलाच तपशीलवार नकाशा होता. या साधनाविषयी येथे दिसणाऱ्या उत्साहाचे एक कारण या इतिहासात शोधता येते.

या दोन नकाशांत आणखी एक भेद आहे आणि तो वर्गात दाखविण्याजोगा आहे. जुनी पत्रके एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० सालच्या लंबगोलावर आधारलेली. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक लंबगोलावर. पृथ्वीचा आकार दोहोंनी किंचित निराळा मानल्यामुळे एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्हीकडे सारखे येत नाहीत. या भागात हा फरक शंभर-दीडशे मीटरांच्या घरात जातो. म्हणजे मिरजोळ्याजवळून सतरा अंशांच्या दोन रेषा जातात, एक जुन्या कागदावरची आणि एक मोबाईलमधील, आणि दोहोंमध्ये एखादी वाडी बसू शकेल. खुद्द ग्रीनिचच्या वेधशाळेतही उपग्रहाचा शून्य रेखांश जुन्या पितळी पट्टीपासून सुमारे १०२ मीटर पूर्वेस दिसतो. रेषा मानवनिर्मित आहेत हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतेच. त्याचा प्रत्यय असा येतो.

आता जिओकॅशिंगकडे वळता येईल. अमेरिकेने नागरी वापराच्या उपग्रह-संकेतांत हेतुतः मिसळलेली अशुद्धता २ मे २००० रोजी बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ काही वस्तू भरलेली एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले आणि इतरांनी ती शोधून काढली. या खेळाचे पूर्वज आहेत. इंग्लंडातील डार्टमूरच्या दलदलीत क्रॅनमियर पूल येथे १८५४ मध्ये ठेवलेल्या बाटलीपासून एक तसाच छंद सुरू झाला होता. नवा खेळ प्रथम ज्या इंग्रजी शब्दाने ओळखला गेला त्या ‘स्टॅश’ला अमली पदार्थ लपविण्याची छटा होती. म्हणून त्याच महिन्यात ‘कॅश’ हा, फ्रेंचमधून आलेला आणि रानावनात फिरणाऱ्यांनी शिधा लपविण्यासाठी वापरलेला शब्द पुढे आला.

मराठीत हीच अडचण अधिक तीव्र स्वरूपात उभी राहते. या खेळाला ‘गुप्तधनशोध’ म्हणण्याचा मोह सहज होतो. पण गुप्तधन हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात निरुपद्रवी नाही. त्याच्याभोवती मांत्रिक, खणती आणि बळी यांच्या कथाच नव्हेत तर घटनाही आहेत, आणि जादूटोण्याविरुद्धच्या २०१३ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाच्या निमित्ताने केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला. हातात यंत्र घेऊन, जमिनीकडे पाहत, सड्यावर एखाद्या दगडाभोवती घुटमळणारी मुले ‘गुप्तधन शोधत आहेत’ असे गावात पसरल्यास त्याचा परिणाम काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही. ‘ठेवा’ हा शब्द बरा. तो ठेवण्याच्या क्रियेशी जोडलेला आहे, मौल्यवान वारशाची छटा त्याला आहे, आणि त्यात खणण्याची सूचना नाही. ‘ठेवाशोध’ म्हटल्यास खेळाचे स्वरूप झाकले जात नाही आणि गावाला शंकाही येत नाही.

कोकणच्या सड्यांवर तर डबी लपविण्याचीही आवश्यकता नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला. त्यात कोणतीही वस्तू ठेवली जात नाही. दिलेल्या स्थळी जाऊन तेथील भूरूप पाहावे आणि केवळ तेथे उभे राहिल्यावरच देता येतील अशा प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढेच अपेक्षित असते. जांभा किती खोलवर दिसतो, चिरेखाणीच्या कापलेल्या भिंतीत वरचा थर आणि खालचा थर यांचा रंग का बदलतो, पावसाळ्यात सड्यावर साचणारे पाणी कोणत्या दिशेने पऱ्याला मिळते, हे प्रश्न उपग्रहचित्रावरून सुटत नाहीत.

आणि या सड्यांवर शोधण्याजोगे काय आहे हे गेल्या काही वर्षांत सर्वांसमोर आलेच आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील सडे पायी पालथे घालून कातळशिल्पांचा शोध घेतला. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी व जांभरुण, राजापुरातील कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू व देवी हसोळ, त्यांच्या जोडीला सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. कशेळीचा हत्ती माणसाच्या उंचीच्या कित्येक पट मोठा असूनही जवळून चालणाऱ्यास त्याची आकृती एकदम उमगत नाही. असे असता तो सापडला कसा, हा भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी शिल्पाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. उपग्रहचित्रे मदतीला होती, परंतु सड्यावर पावले नेली ती गावकऱ्यांच्या बोलण्याने. गुरे चारणाऱ्यांस, आंबा-काजूच्या बागेत राबणाऱ्यांस या आकृती ठाऊक होत्या. त्या पांडवांनी काढल्या असे ते सांगत. अक्षांश-रेखांश हे या शोधाच्या शेवटी नोंदले गेले. आरंभी होती ती कोणाच्या तरी तोंडची खूण. यंत्रात आकडा आधी भरून निघणारा ठेवाशोध या क्रमाच्या उलट जातो, आणि अध्यापकाने सावध राहायचे ते येथे.

आकडा प्रसिद्ध करण्यात आणखी एक धोका आहे. कातळशिल्पाचे नेमके स्थान सर्वांच्या मोबाईलवर गेले की तेथे वाहने जातात आणि कोरीव रेघांत खडू भरून छायाचित्रे काढली जातात. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या शिल्पाची नोंद नाही ते चिरेखाणीत जाण्याची भीती अधिक. नोंद ठेवावी पण आकडा कोणाला आणि किती सूक्ष्मतेने द्यावा, हा निर्णय विद्यार्थ्यांपुढे चर्चेस ठेवण्याजोगा आहे. पूर्वी शासनाने पत्रके कुलपात ठेवताना जो प्रश्न सोडविला, त्याचेच हे लहान रूप होय.

राहता राहिली नावे. संगणकीय नकाशावर मिरजोळे शोधल्यास गाव मिळते, वसाहत मिळते, कारखाने आणि उपाहारगृहे मिळतात. रोमन लिपीतून आलेल्या नावांत ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद उरत नाही आणि मिऱ्याचे ‘ऱ्य’ तर कोणत्याही रोमन अक्षरांत नीट बसत नाही. परंतु ही त्रुटी लहान आहे. मोठी त्रुटी अशी की सड्याचे, मळ्याचे, पऱ्याचे आणि पाणंदीचे नाव नकाशावर बहुधा नसतेच. महसुली कागदपत्रांनी हे नाव जपले होते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. भूमापन क्रमांक आणि हिस्सा क्रमांक असतानाही हा रकाना ठेवावासा वाटला, कारण क्रमांकावरून जमीन कागदात सापडते आणि नावावरून ती माणसांत सापडते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणातील घरांचे नकाशे होऊ लागले, आणि महाराष्ट्रात त्या पद्धतीचा आरंभ पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. तो नकाशा छपरांच्या कडा अचूक टिपतो. गावठाणाबाहेरच्या शेताचे नाव टिपणे हे त्याचे कामच नव्हे.

हे काम विद्यार्थी करू शकतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच स्थळाला निरनिराळ्या भाषांतील नावे स्वतंत्रपणे जोडण्याची सोय असून त्यात देवनागरी मराठी नाव जसेच्या तसे राहते. उपकेंद्रातून निघालेल्या तुकडीने एक सडा घ्यावा, सातबाऱ्यावरील स्थानिक नावे उतरून घ्यावीत, मग वाडीतील वृद्धांना ती नावे वाचून दाखवून कोणते नाव कोठून कोठपर्यंत चालते ते पायी फिरून ठरवावे, आणि सरतेशेवटी यंत्र बाहेर काढावे. एकाच नावाची हद्द दोन घरांत दोन प्रकारे सांगितली जाईल. ती दोन्ही प्रकारे नोंदवावी. उच्चारही नोंदवावा, कारण तलाठ्याच्या दप्तरात प्रमाणभाषेचे वळण मिळालेले नाव वाडीत बहुधा निराळे ऐकू येते. औद्योगिक वसाहतीसाठी जी जमीन संपादित झाली तिच्यातील शेतांची नावे आता केवळ जुन्या उताऱ्यांत आणि काही थोड्या वृद्धांच्या स्मरणात असणार. तेथे गडगे राहिलेले नाहीत, आणि भूखंडांना ‘पी’ व ‘ई’ या अक्षरांचे क्रमांक आहेत. मिरजोळ्यात आरंभ करावयाचा तर तो या भूखंडांपासून करावा.